न जन्मलेल्या वीराचा हेवा

एका डोंगरी किल्ल्यावर एक किल्लेदार होता. अंगात इतकी ताकद, की दरवाजाचा भलामोठा अडसर एकटा ओढायचा. पण हा गडी जळत होता, आणि तोही अशा माणसावर, जो कधी जन्मालाच आला नव्हता!

झालं असं, की गडावरची स्वयंपाकीण कोंडाई भाकऱ्या थापता थापता शिपायांना येसबा नावाच्या वीराच्या गोष्टी सांगायची. सगळ्या तिच्या मनच्या. येसबा तलवार क्वचितच उपसायचा. डोकं लढवून शत्रूला पळवून लावायचा. शिपाई हातातला घास विसरून ऐकायचे आणि म्हणायचे, "सरदार असावा तर असा!"

किल्लेदाराच्या ते जिव्हारी लागायचं. अडसर ओढायचा मी आणि कौतुक त्याचं? त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं हुकूमच काढला, "गडावर येसबाचं नाव काढायचं नाही!"

ऐन उन्हाळ्यात पाचशे शत्रूंनी पायथ्याच्या काळ्या मातीच्या रानात तळ ठोकला आणि तोफा गडाकडे वळवल्या. गडावर माणसं पन्नास. किल्लेदार अडसराला हात घालून गरजला, "दरवाजा उघडतो, तुटून पडा!"

शिपाई तलवारी उपसून उभे राहिले. मरायला ते तयार होते, पण जिंकण्याची आशा एकाच्याही तोंडावर दिसेना. येसबामागे हीच माणसं हसत गेली असती, हे किल्लेदाराला कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं. अडसर ओढला असता, तर पन्नास घरं उघडी पडली असती.

त्यानं हात मागे घेतला. सगळ्यांदेखत, मान खाली घालून विचारलं, "कोंडाई, तुझ्या येसबानं काय केलं असतं गं?"

"त्याला एकट्याला कुठं काय सुचतंय, सरकार? तो आधी आपल्या माणसांना विचारतो."

किल्लेदारानं विचारलं. एक म्हातारा शिपाई पुढे आला. "सरकार, त्या रानात मी नांगर धरलाय. भिजलं की बैलाचा पाय निघत नाही. अन् आपलं तळं बरोबर त्याच्या वर आहे."

लगेच तळ्याचं निम्मं पाणी सोडलं. दुपारपर्यंत खाली चिखलच चिखल झाला. तोफांची चाकं रुतली, दारूगोळा भिजला. शत्रूनं तोफा तिथेच टाकून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी कोंडाईवरची बंदी उठली. ती रंगात येऊन सांगू लागली, "मग येसबानं तळ्याचं पाणी सोडलं..."

शिपायांनी एकच गिल्ला केला. "ए कोंडाई, येसबानं नाही! ते आमच्या सरकारांनी केलं!"

दारात उभा असलेला किल्लेदार आत आला. "सांगू द्या तिला," तो म्हणाला. "मी त्याच्याकडूनच शिकलो."

तात्पर्य: ज्याचा हेवा वाटतो, त्याचा गुण घ्यावा. नुसत्या हुकमानं माणसं मरायला उभी राहतात. जिंकायचं असेल, तर आधी त्यांना विचारावं लागतं.