गारूने तारा झाकला

सूर्याचं ऊन जिथे पोहोचेपर्यंत चांदण्यासारखं फिकं होतं, तिथे कोणे एके काळी गारू नावाचा बर्फाचा गोळा जीव मुठीत धरून फिरायचा. “पृथ्वीवरची दुर्बीण आपल्याला हुडकतेय. जो दिसेल त्याच्यावर यान सोडतात,” असं एका धूमकेतूने सांगितल्यापासून त्याचा थरकाप थांबेना.

“अरे, आपल्याकडे उजेडच नाही. गुमान आपल्या वाटेने चाल, कुणाला दिसणार नाहीस,” शेजारचा म्हातारा गोळा म्हणाला.

पण समोर एक तारा तेवत होता. त्याच्या उजेडात आपण पकडले जाऊ, या धास्तीने गारू सरकत सरकत पुढे गेला आणि त्याने ताराच झाकून टाकला. मग कुठे त्याच्या जिवात जीव आला.

काही तासांनी पृथ्वीवर दुर्बिणीला डोळा लावून बसलेली बाई ओरडली, “तारा मिटला! म्हणजे तिथे कुणीतरी आहे!”