साळूबाईची चूक

एका महाराजांना आपलं वजन कुणाला कळू द्यायचं नव्हतं, पण पालखी मात्र मजबूत हवी होती. वजन कळल्याशिवाय दांडा करणार कसा? तेव्हा त्यांनी नियम घातला: सुताराने एकदाच अंदाज करावा. तो कितीने चुकला एवढंच महाराज सांगतील. कमी धरलं की जास्त, ते नाही.

धोंडू सुताराने तीन मण धरले. "एका मणाने चुकलास," महाराज म्हणाले. म्हणजे वजन दोन मण तरी असणार, नाहीतर चार. धोंडूने भिडेपोटी दोन मणांचा दांडा केला. तो भर बाजारात मोडला, महाराज वांग्यांच्या पाटीत बसले आणि धोंडू कोठडीत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको साळूबाई दरबारात आली. "दांडा मी करते, सरकार. टिकला तर नवऱ्याला सोडा."

"अंदाज सांग."

तिने महाराजांना नीट न्याहाळलं. सिंहासन करकरलं.

"सरकार म्हणजे मोराचं पीस. वजन शून्य."

दरबाराला एकदम खोकला आला. महाराज मात्र खुलले. "वेडे, चांगली चार मणांनी चुकलीस."

"मग चार मणांचाच दांडा करते."

महाराजांचा चेहरा उतरला. "आम्ही वजन सांगितलं नव्हतं."

"नाहीच सांगितलं, सरकार. शून्याच्या खाली कुणाचं वजन जात नाही, म्हणून मी तिथूनच चुकले. सरकारांनी फक्त माझी चूक मोजली."

दांडा टिकला, धोंडू सुटला. भोयांनी मात्र त्याच दिवशी आणखी चार भोई मागून घेतले.