झाकणांनी ऐकलेली गोष्ट

एकदा काय झालं, एक अख्खं गाव उपाशी राहिलं. दुष्काळ नव्हता, बरं का. चुली पेटलेल्या होत्या, भात शिजलेला होता, कालवणाचा वास गल्लीगल्लीत दरवळत होता. आणि तरी गाव उपाशी! आता घाबरू नका. या गोष्टीत कोणी मरत नाही, कोणी हरवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

तर खाडीच्या काठी ते गाव होतं. गावात मैमुना नावाची एक बाई राहायची. नवरा कासम, तो मासे धरायची जाळी विणायचा. लेक नूरी, एवढीशी, कमरेवर बसवण्याइतकी. मैमुनाला काळजी करायची फार सवय. भात चुलीवर असला की शिजेल का, याची काळजी. शिजला की जास्त तर नाही ना शिजला, याची काळजी. नूरी रडली तर का रडते, आणि गप्प बसली तर एवढी गप्प का, म्हणून काळजी.

तिच्या समोरच्या घरात अंबरबी राहायची. मधली गल्ली इतकी अरुंद, की एकीने फोडणी दिली की दुसरीला शिंक यायची. पण दोघी एकमेकींचा उंबरठा ओलांडत नव्हत्या. का? तर मैमुना नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिने हौसेने वाटीभर कालवण समोर पाठवलं होतं. अंबरबीने ते चाखलं आणि चार बायकांत म्हणाली, "खाडीचंच पाणी उकळून पाठवलंस का गं?" झालं! मैमुनाने ठरवलं, हिच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. मग अंबरबी म्हणाली, ती येत नाही तर मी तरी कशाला जाऊ? नूरी मात्र दिवसातून दहादा इकडून तिकडे जायची. पोरांना कुठले आलेत उंबरठे!

आता या गावातली माणसं होती भली. पण एक खोड होती. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारची कामं आटोपली की म्हातारे इमामसाहेब मशिदीच्या अंगणात बसून नबींच्या, म्हणजे अल्लाच्या प्रेषितांच्या, गोष्टी सांगायचे. बाप्ये अंगणात बसायचे, बाया जाळीच्या भिंतीआड. आणि जी गोष्ट ऐकली, ती गाव लगेच अंगाला लावून घ्यायचं. तीही भलत्याच बाजूने!

एकदा इमामसाहेबांनी नूहनबींची गोष्ट सांगितली. लोक हसत राहिले, तरी नूहनबी मोठी नाव बांधत राहिले. लोक हसले म्हणून चांगलं काम सोडू नये, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी रज्जब सुताराने परसात नाव बांधायला घेतली. पण कोणी हसेना. मग तोच चिडला. "अरे, हसा की रे! तुम्ही हसला नाहीत तर मला सवाब कसा मिळणार, पुण्य कसं लागणार?" मग लोक बिचारे रोज सकाळी येऊन हसून जायचे. नाव इतकी मोठी झाली, की परसाबाहेर निघेना. आता तिच्यात कोंबड्या राहतात.

मग एकदा युनूसनबींची गोष्ट झाली. माशाच्या पोटात, काळोखात असतानाही त्यांनी अल्लाला हाक मारली आणि त्यांची सुटका झाली. झालं! गावातल्या बाया मोठा मासा कापायच्या आधी त्याच्या पोटावर टकटक करायला लागल्या. "आत कोणी आहे का हो?"

मग सुलेमाननबींची गोष्ट झाली. एवढं मोठं लष्कर घेऊन निघालेले, पण 'लष्कर चिरडेल, बिळात पळा' हे मुंगीचं बोलणं ऐकलं आणि हसले. मग काय विचारता! सगळं गाव मुंग्या चिरडू नयेत म्हणून चवड्यांवर चालायला लागलं. एक बारात तशीच चवड्या-चवड्यांवर निघाली. ती लग्नघरी पोचली तेव्हा तिकडे मांडव उतरवत होते.

आणि मग आला तो जुम्मा.

त्या दिवशी मशिदीत गावजेवण झालं होतं. त्यासाठी घराघरांतून हंड्या, पातेली, झाकणं गोळा केली होती. जेवणं झाल्यावर ती घासून अंगणात उन्हाला मांडून ठेवली होती. इमामसाहेब त्यांच्या शेजारीच बसले आणि त्यांनी इब्राहीमनबींची गोष्ट सांगितली. इब्राहीमनबी कधी एकटे जेवायचे नाहीत. पाहुणा आला नाही तर स्वतः वाटेवर जाऊन शोधून आणायचे. माणसं रडली. डोळे पुसले. आणि तिथल्या तिथे सगळ्यांनी ठरवलं, उद्यापासून पाहुण्याशिवाय घास घ्यायचा नाही!

आता माणसांचं काय, ठरवतात आणि विसरतात. पण शेजारी उन्हात पडलेल्या झाकणांनीही ती गोष्ट ऐकली होती. आणि तांब्या-पितळेला विसरता येत नाही, बरं का.

दुसऱ्या दिवशी घरोघर सुगरणी कामाला लागल्या. पुलाव झाले, सांदणं झाली, घावन झाले. मग प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राहिला, पाहुण्याची वाट बघत. या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीत सगळे यजमानच यजमान. पाहुणा एकही नाही!

ऊन वर आलं. नूरी म्हणाली, "अम्मा, भूक."

मैमुना म्हणाली, "लेकराला कसलं आलंय पाहुण्याचं बंधन? थांब, वाढते." आणि तिने भाताच्या हंडीचं झाकण उचललं. उचलेना! उलथनं घातलं. हलेना! कासमने दोन पाय हंडीला टेकवले आणि ओढलं. तो मागे जाऊन जाळ्यांच्या ढिगात पडला, झाकण जागच्या जागी. मग कालवणाचं बघितलं, तेही तसंच. दुधावरचंही तसंच. तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. घरोघरची झाकणं बसली होती, घट्ट.

लेकरू उपाशी! मैमुनाने परसातला पेरू आणून नूरीच्या हातात दिला. मग दुसरी काळजी लागली, रिकाम्या पोटी पेरू खाऊन पोट दुखलं तर?

तेवढ्यात गावाच्या वेशीवर एक बांगडीवाला दिसला. त्याने "बांगड्याऽ" म्हणायच्या आतच सगळं गाव त्याच्यावर धावून गेलं. एकीने उजवा हात धरला, "माझ्याकडे कोलंबीचा पुलाव!" दुसरीने डावा धरला, "माझ्याकडे सांदण, नारळाच्या दुधातलं!" रज्जब सुताराने त्याला मागून कमरेत धरून उचललंच. बांगडीवाल्याला वाटलं, दरोडेखोर! "बांगड्या घ्या, टोपली घ्या, पण मला सोडा!" असं ओरडत तो सुटला तो थेट खाडीत उतरला आणि पोहत पलीकडे गेला. अंबरबीच्या हातात त्याची बाही तेवढी राहिली.

मग कासमला युक्ती सुचली. तो मागच्या दाराने गेला, डोक्याला जाळीचं कापड गुंडाळलं आणि पुढच्या दाराने आला. आवाज घोगरा करून म्हणाला, "अस्सलामु अलैकुम. मी लांबचा मुसाफिर आहे हो."

मैमुनाने पदर सारखा केला. "वालेकुम अस्सलाम. या पाहुणे, बसा."

पाहुणा दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी पसरलेल्या कापडावर बसला. आणि काय सांगू, झाकण बोटभर वर उचललं गेलं! आतून वाफ आली, वास आला. तो वास नाकात गेला आणि कासम सगळं विसरला. "मैमुने, माझी मोठी थाळी कुठाय गं?"

धाड! झाकण बसलं, कासमच्या बोटावर. मग तो ओरडला, तो मात्र अगदी घरच्या माणसासारखा.

आता एकच उपाय राहिला, इमामसाहेब. सगळं गाव त्यांच्या घरी गेलं. बघतात तर इमामसाहेब स्वतःच आपल्या पातेल्यासमोर पळी घेऊन बसलेले. पळी वाकली होती.

"इमामसाहेब, आमच्याकडे जेवायला चला!"

"आमच्याकडे चला! आमची गल्ली जवळची!"

"यांच्याकडे काय आहे, नुसतं वरण! आमच्याकडे चला!"

इमामसाहेबांनी हात जोडले. "एकाच्या घरी गेलो तर बाकीचे माझ्या मागे नमाजला उभे तरी राहतील का रे?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

लोक भांडत भांडत परत गेले. मैमुना तेवढी दाराशी राहिली. तिला उगाचच एक काळजी लागली होती. तिने फटीतून विचारलं, "इमामसाहेब, इब्राहीमनबींकडे एकदा परके पाहुणे आले होते ना? त्यांच्यापुढे एवढं वाढलं होतं. ते पोटभर जेवले का हो?"

आतून थकलेला आवाज आला, "नाही बेटी. त्यांनी घासाला हातच लावला नाही. ते अल्लाने धाडलेले दूत, फरिश्ते होते. फरिश्त्यांना कुठली भूक?"

मैमुना घराकडे वळली. येऊन बघते तर नूरी घरात नाही! घरात नाही, परसात नाही, जाळ्यांच्या ढिगात नाही. ती धावत बाहेर आली. आणि समोर अंबरबी आपल्या उंबरठ्यावर उभी. कडेवर नूरी. नूरीच्या गालांवर रडून रडून पांढऱ्या रेघा.

मी आधीच सांगितलं होतं ना, कोणी हरवत नाही म्हणून. मग?

अंबरबी म्हणाली, "मीच हिला बोलावलं. म्हटलं, पोरीच्या निमित्ताने तरी झाकण उघडेल. दस्तरखान घातला, हिला मधोमध बसवली, पाहुणी म्हणून हाक मारली. पण नाही गं उघडलं. रोज येते ना ही. झाकण हिला घरचीच समजतं."

मैमुनाच्या मनात आलं, जिच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून ठरवलं, तीच आपल्या लेकराला भरवायला बघत होती. तिने गल्लीतूनच नूरीला घेतलं आणि आपल्या उंबरठ्यावर परत आली. नूरी तिच्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "अम्मा, पोट दुखतंय." पेरू!

अंबरबीने घसा साफ केला. "तूच ये ना आत. पाहुणी म्हणून."

"तूच ये की माझ्याकडे."

"मी आधी बोलावलं."

"तू वयाने मोठी, तू आधी ये."

"मी मोठी आहे म्हणूनच सांगते, तू ये!"

दोघी आपापल्या उंबरठ्यावर उभ्या. मध्ये दोन पावलांची गल्ली. मैमुनाला वाटलं, गेले तर ही उद्या गावभर सांगेल, कशी आली बघा शेवटी माझ्या भाताला! यजमान व्हायला मान असतो. पाहुणी व्हायचं म्हणजे हात पसरायचा. मग तिने गल्लीत इकडेतिकडे बघितलं. प्रत्येक दारात एकेक जण उभा होता, पोट आत गेलेलं, मान ताठ. 'या या' सगळे म्हणत होते. 'आलो' म्हणायला कोणी तयार नव्हतं. जसे काही सगळे फरिश्तेच!

खांद्यावर नूरी हुंदका देऊन कण्हली.

आणि मैमुनाने गल्ली ओलांडली. अंबरबीच्या उंबरठ्याशी जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अंबरबी, मी काही फरिश्ता नाही. मला भूक लागलीय. वाढ!"

आणि तिने आत पाऊल टाकलं.

फाट्! हंडीवरचं झाकण उडालं, ते थेट आढ्याला आपटलं. मग कालवणाचं उडालं. मग दुधाचं. अंबरबीने आधी नूरीला दूधभात कालवून दिला. मग मैमुनाला वाढलं. सकाळपासून हंडी चुलीवर असल्यामुळे भात खालून चांगलाच करपला होता. मैमुनाच्या जिभेवर एक वाक्य आलं, मस्त, खमंग, इतक्या वर्षांचं साचलेलं. तिने ते घासाबरोबर गिळून टाकलं. "अजून वाढ," म्हणाली.

मग ती उठली, हात धुतले आणि अंबरबीचा हात धरला. "आता तू चल." अंबरबी गल्ली ओलांडून आली आणि मैमुनाच्या घरातली झाकणं अशी उडाली, की कासम पुन्हा जाळ्यांच्या ढिगात पडला.

मग काय, गावाला युक्ती कळली. कासम गेला रज्जब सुताराकडे, रज्जब गेला आणखी कोणाकडे. "मला भूक लागलीय, वाढा!" अशा आरोळ्या गल्लीगल्लीतून उठल्या. घरोघर झाकणं फटाफटा उडत होती. इमामसाहेबांकडे तर इतके पाहुणे शिरले, की त्यांना स्वतःला बसायला जागा उरली नाही. ते शेजारी जाऊन जेवले.

इकडे अंबरबीने मैमुनाच्या कालवणाचा घास घेतला. चघळला. थांबली.

"जरा खारटच आहे गं," अंबरबी म्हणाली.

"ठाऊक आहे," मैमुना म्हणाली. "अजून वाढू?"

"वाढ."

पुढच्या जुम्म्याला इमामसाहेब गोष्ट सांगायला बसले. पण आधी उठून त्यांनी अंगणभर चक्कर मारली. कोपऱ्यात कोणाची तरी पळी राहिली होती. "ही आधी घरी नेऊन ठेवा," म्हणाले. मगच आयूबनबींच्या सबुरीची गोष्ट सुरू केली.

अंबरबी आणि मैमुना जेवल्या, कासम जेवला, नूरी पोटभर जेवून झोपली, आणि त्या गावात पुन्हा कोणी उपाशी राहिलं नाही. आपलीही जेवणं झाली, हंडीवर झाकण ठेवून झालं. पोट दुखत नाही ना कोणाचं? नाही ना? मग आता डोळ्यांवरची झाकणंही लावून घ्या पाहू. सकाळी ती आपोआप उघडतील, पाहुणा न येताच.