मागचा ओंडका

हेइऽऽ... होऽऽ... ठक्!

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या एका गावात, धाकू लहान असताना हा आवाज त्याच्या कानावर पडला होता. त्याचा बाप गावाचा तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या. रानात कोरलेली होडी सारं गाव ओढत पाण्याकडे नेई, तेव्हाचा तो आवाज. बाप हाक घाली, गाव ओ देई, आणि पाठोपाठ काहीतरी वाजे.

बाप गेला. होडीही जुनी होऊन फुटली. त्यातच गावाच्या विहिरी खारट झाल्या. गोडं पाणी उरलं ते खाडीपलीकडच्या झऱ्याला, आणि लहानशा डोणीतून येणाऱ्या घागरी अर्ध्या गावालाही पुरेनात. तेव्हा धाकूने गावाला सोबत घेऊन रानातलं एक थोरलं झाड कोरून होडी केली. वारे फिरले की खाडी खवळणार; त्याच्या आत ही होडी पाण्यात गेली तर गाव राहील, नाही तर उठेल, हे सगळ्यांना कळत होतं.

त्या सकाळी धाकूचा पाय एका जागी ठरत नव्हता. वारा घटकेत इकडून येई, घटकेत तिकडून. म्हातारा पोशा गाव सोडायला म्हणून आपलं बोचकं बांधून वाटेच्या कडेला त्याच्यावरच बसला होता.

"पोशाकाका, दोराला हात लावा की."

"हात बोचक्याला लावलाय, बाबा. होडी पाण्यात दिसली तर सोडीन. तू हो पुढं, तुला घाई आहे."

होडीखाली गोल ओंडके घातले होते. धाकूने दोर खांद्यावर घेतला आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून बापासारखीच हाक घातली, "हेइऽऽ!"

"होऽऽ!" गाव ओरडलं. होडी सरकली, थोडी गेली, आणि तिचं नाक मातीत रुतलं. ओंडके मागच्या मागे सुटून पडले होते.

"अरे, ओंडके आणा!"

"आम्ही दोर ओढायचा का ओंडके वाहायचे?"

"मागचा कुणीतरी आणेल."

"मागं आहे कोण? तू सगळ्यांना पुढं लावलंस!"

असंच होत राहिलं. रुतलेली होडी पुन्हा हलवायला दुप्पट बळ लागे. ऊन डोक्यावर आलं. एकेक हात दोरावरून सुटू लागला. कुणी पाण्याचं निमित्त करून गेलं, कुणी निमित्त न करताच.

"बोचकी वाहायला शिका रे," पोशा म्हणाला. "ती रुतत नाहीत." लोक हसले. धाकूला ते हसू बोचलं.

"तहान नाही का तुम्हांला?" तो खेकसला.

"तहान आहे म्हणून तर आलो," चांगुणा म्हणाली. घागरी वाहून वाहून तिचा खांदा घट्ट झाला होता. "तुझा ओरडा ऐकायला नाही आलो." ती तरातरा मागे गेली, एक ओंडका खांद्यावर घेऊन आली आणि बूड टेकायला म्हणून तिने तो होडीपुढे टाकला.

ठक्!

धाकू जागीच थांबला. हाच तो आवाज. आणि बाप? बाप दोराच्या पुढे कधी नव्हताच. त्याची हाक मागून यायची, मग मधून, मग पुढून. खांद्यावर ओंडका घेऊन तो रांगेच्या कडेने चालत असायचा. धाकूने हाक तेवढी जपली होती, ठक् विसरला होता.

त्याने दोर खांद्यावरून काढला. "चांगुणे, धर. पुढची तू."

"आणि तू?"

"मी मागचा."

"घ्या! तांडेलाचा हमाल झाला!" पोशा म्हणाला.

 सुटलेला ओंडका घेऊन धाकू होडीच्या कडेने निघाला, आणि त्याला पहिल्यांदा माणसं दिसली. पुढे असताना त्याला नुसती खाडी दिसत होती. एकाच्या तळहाताची सालं निघाली होती, त्याला त्याने आपलं मुंडासं फाडून दिलं. एकाला धाप लागली होती. "ही हाक सोड, पुढच्या हाकेला ये," तो हळूच म्हणाला. एकाला म्हणाला, "ओढ रे, सासुरवाडी बघतेय!" आणि होडी अडायच्या आत ओंडका पुढ्यात टाकला. ठक्!

होडी थांबली नाही. ज्याने हाक सोडली होती, तोही न सांगता एक ओंडका घेऊन आला. ठक्, ठक्, ठक् असा आवाज गावात जाऊ लागला, तशी घरी गेलेली माणसं धोतराचा काचा मारत परत आली. थांबलेली होडी ओढायला कुणाला आवडतं? चालत्या होडीला मात्र ज्याला त्याला हात लावावासा वाटतो.

वारा फिरला तेव्हा होडी पाण्यावर डुलत होती. लोक धाकूला खांद्यावर घ्यायला शोधू लागले. तो मागे, वाटेवरचे ओंडके गोळा करत होता.

पोशा उठला. त्याने बोचकं काखेत मारलं.

"काका, निघालात?" धाकूने विचारलं.

पोशाने वाकून शेवटचा ओंडका उचलला, खांद्यावर घेतला, आणि "पुढच्या होडीला लागेल," म्हणत आपल्या घराच्या वाटेने चालू लागला.

हाक घालून माणसं गोळा होतात, पण चालत राहतात ती मागचा ओंडका वेळेवर पुढे आणणाऱ्यामुळे.