उत्तियाचे कान

पूर्वी गोदावरीच्या काठी एका नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले होते. हाताने कुशल आणि मनाने शांत असल्यामुळे कुंभारआळीने त्यांना आपले प्रमुख केले होते.

त्याच आळीत धम्मिल नावाचा म्हातारा कुंभार राहत असे. त्याच्या घागरी राजवाड्यात जात. त्याला एकच मुलगा, उत्तिय. तिशी उलटली तरी उत्तियाच्या हातून चाकावर एक भांडे धड उतरत नसे. कधी काठ वाकडा, तर कधी बूड जाड. आळीचा रिवाज असा होता की कार्तिक पौर्णिमेला पंचांसमोर ज्याचे मडके नीट उतरेल, त्यालाच मातीच्या खाणीत वाटा मिळे. दोन वर्षे उत्तिय रिकाम्या हाताने परतला होता. तिसऱ्यांदा चुकला तर त्याला आळी सोडावी लागणार होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे लोक म्हणत आणि हसत.

धम्मिलाचा मुलावर जीव होता, आणि म्हणूनच तो त्याला सोडत नव्हता. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तो त्याला चाकावर बसवी. जेवताना उत्तियाला घास उचलवत नसे, इतके हात दुखत. बापाची माया कधी कधी फार छळते, ती अशी.

बोधिसत्त्वांनी मात्र दुसरेच काही पाहिले होते. आवा उघडून भाजलेली भांडी बाहेर निघाली, की उत्तिय जाता जाता बोटाच्या पेराने ती वाजवी. तशी सगळेच कुंभार वाजवून पाहतात. फुटके असेल तर बद्द वाजते, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण खणखणीत वाजणाऱ्या एखाद्या घागरीपाशी उत्तिय थबके, आणि महिन्याभरात ती घागर गळू लागे. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याला ऐकू येई. त्याला स्वतःला यात काही विशेष वाटत नव्हते. सगळ्यांनाच ऐकू येत असेल, अशी त्याची समजूत होती. घागरीच्या मालकाने कपाळाला आठी घातली की तो घागर गुपचूप जागेवर ठेवी आणि निघून जाई.

एके दिवशी बोधिसत्त्व धम्मिलाकडे गेले आणि मुलाला चाकावरून उठवा म्हणाले. धम्मिल दुखावला. कुंभाराचे पोर चाक सोडून करणार काय, आणि जे कच्चे आहे तेच पक्के करायला नको का, असे त्याने विचारले.

"धम्मिलबाबा, तुमच्या मुलाच्या दोन गोष्टी कच्च्या आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "हात चालत नाही आणि तोंड उघडत नाही. हात नाही चालला, तर आळीत आणखी शंभर हात आहेत. तोंड नाही उघडले, तर त्याचे कान फुकट जातील, आणि तसे कान दुसऱ्या कुणाला नाहीत. तुम्ही हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागला आहात."

धम्मिल नाइलाजाने कबूल झाला. बोधिसत्त्वांनी उत्तियाला एकच काम दिले. रोज आव्यापाशी उभे राहून भांडी वाजवायची, आणि जे कच्चे असेल ते मालकाच्या तोंडावर सांगायचे. सुरुवात त्यांनी आपल्याच घागरीपासून केली. उत्तियाने ती वाजवली आणि तो खाली पाहू लागला. बोधिसत्त्व वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, की ही टिकणार नाही. त्यांनी ती घागर तिथेच आनंदाने फोडून टाकली. पुढच्या काही महिन्यांत उत्तियाचा आवाज थोडा थोडा वाढत गेला. बापाच्या भांड्यांपाशी आला की मात्र तो अजूनही मुका होई.

आश्विनात गोदावरीला अवचित पूर आला. नदीच्या मधल्या उंचवट्यावर गुराख्यांची वस्ती होती, बायकामुले धरून साठ माणसे. घाटावरच्या नावा पहिल्याच लोंढ्यात वाहून गेल्या होत्या. आता सांगडीखेरीज उपाय नव्हता. बांबूंच्या ताटीखाली रिकाम्या घागरी पालथ्या बांधायच्या आणि वर माणसे बसवून आणायची. भर धारेत दोन-तीन घागरींनी दगा दिला, तर सांगड कलंडणार होती.

घरोघरच्या घागरी घाटावर आल्या. सर्वांत थोरल्या बारा धम्मिलाच्या होत्या, राजवाड्यासाठी केलेल्या. उत्तिय एकेक वाजवत पुढे सरकत होता. बापाच्या घागरींपाशी येऊन तो थांबला. पलीकडून बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. त्याने तीन घागरी बाजूला काढल्या.

"बाबा, या तीन नकोत," तो सर्वांदेखत म्हणाला. "यांना चीर आहे."

कोणीतरी हसले. ज्याला मडके घडवता येत नाही, तो धम्मिलाच्या घागरी मोडीत काढत होता. धम्मिलाचा चेहरा लाल झाला. त्याने तिन्ही घागरी स्वतः वाजवल्या, आणि तिन्ही खणखणीत वाजल्या. लोक बोधिसत्त्वांकडे पाहू लागले, पण त्यांनी नजर धम्मिलाकडे वळवली. हा निवाडा बापानेच करायचा होता.

"मला काही ऐकू आले नाही," धम्मिल अखेर म्हणाला. "पण हे पोर आजवर माझ्यासमोर कधी नाही म्हणाले नाही. आज म्हणतेय, म्हणजे त्याला काहीतरी ऐकू आलेच आहे." आणि त्याने आपल्या हातांनी त्या घागरी उचलून दूर ठेवल्या.

सांगडीने सात खेपा केल्या. साठच्या साठ माणसे काठाला लागली.

संध्याकाळी धम्मिलाने त्या तीन घागरी घरी नेल्या आणि काठोकाठ भरून ओसरीवर ठेवल्या. सकाळी तिन्ही निम्म्या झाल्या होत्या आणि खालची जमीन ओली होती. म्हातारा त्या ओलीतच बसला आणि मुलाचे हात हातात घेऊन रडला. त्या कार्तिक पौर्णिमेला पंचांनी उत्तियाला चाकावर बसवले नाही. खाणीतला वाटा मात्र दिला.

ही कथा सांगून तथागतांनी समोर बसलेल्या सुप्पिय भिक्षूकडे पाहिले. त्याला गाथा पाठ होत नसत, म्हणून तो चीवर उतरवून घरी निघाला होता. पण आजारी भिक्षूचा श्वास बदलला की ते सर्वांआधी त्यालाच कळे, आणि संकोचामुळे तो ते वैद्याला सांगत नसे.

"तेव्हाचा उत्तिय म्हणजे आजचा हा सुप्पिय," तथागत म्हणाले. "धम्मिल म्हणजे त्याला दिवसभर गाथा घोकायला बसवणारे त्याचे उपाध्याय महानाग. सांगडीवरून उतरलेली माणसे म्हणजे आज तो ज्यांच्या उशाशी बसतो ते रुग्ण. आणि त्या आळीचा प्रमुख मीच होतो."

महानाग स्थविर उठले आणि सुप्पियाचा हात धरून त्याला रुग्णांकडे घेऊन गेले. माणसात जे आहे ते ओळखावे, आणि त्याच्या आड येणारे तेवढेच दूर करावे. या कथेतली प्रज्ञा ती हीच.