उकंडरावानं राखलेले तीन पट्टे

आमच्या शेजारी एक भोळा माणूस राहतो, उकंडराव. मनानं स्वच्छ. डोकंही तसंच, आत काही साचू देत नाही.

यंदा त्याच्या शेतात कृषी संशोधन केंद्राच्या ठवरे मॅडमनी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, तीन पट्टे आखले. पहिल्यावर झाडाची स्वतःची ताकद जागवणारं औषध. दुसऱ्यावर झाडाची उंची आवरून बोंडं वाढवणारं. तिसऱ्यावर काहीच नाही, तो तुलनेला. वेचणीला औषधाच्या पट्ट्यांचं वजन जास्त भरलं तर मॅडमचं औषध पास. नाहीतर तीन वर्षांची मेहनत मातीत. एवढी नाजूक गोष्ट राखायला मॅडमनी माणूसही अगदी पारखून निवडला!

"पहिल्या पट्ट्यात लुडबुड नको," मॅडम म्हणाल्या. "तिथलं झाड आपलं आपण लढतं."

चौथ्या दिवशी त्या पट्ट्यात बकरी शिरली. उकंडराव बांधावर बसून ओरडत होता, "हाण तिले! सोडू नको!" झाडाला सांगत होता. बकरी निवांत खात होती.

"अहो, झाड किडीशी लढतं, बकरीशी नाही!" मॅडम कळवळल्या. "पट्ट्यात कोणी शिरलं की काठी घेऊन हाकलायचं."

"हाव जी."

आठवड्यानं किडे मोजणारे तज्ज्ञ आले. पट्ट्यात वाकले मात्र, मागून काठी आली. तज्ज्ञ नाला ओलांडून थेट फाट्यावर थांबले. एक चप्पल अजून नाल्यात आहे.

"पाहुण्याला असं हाकलतात? सावलीत बसवायचं, गार पाणी द्यायचं!"

"हाव जी."

मग अळ्या आल्या. दुसऱ्या पट्ट्यातली झाडं बुटकी, तिथं ऊन फार. उकंडरावानं एकेक अळी उचलून पहिल्या पट्ट्याच्या सावलीत नेऊन बसवली. वरून पाणी शिंपडलं. बिचारा घामाघूम झाला हो!

मॅडमनी कपाळ धरलं. "एका पट्ट्याचं दुसऱ्यात नेऊ नका! तिघांना सारखं वागवायचं. एकाला जास्त, एकाला कमी, असं मला चालणार नाही."

"हाव जी. आता नीट समजलं."

एवढं सोसूनही पहिला पट्टा पांढराशुभ्र फुटला. मॅडमचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

वेचणी झाली. मोठे साहेब जीपनं आले. तीन पट्ट्यांची तीन गाठोडी काट्यावर चढली.

पहिलं, अठरा किलो. दुसरं, अठरा. तिसरं, अठरा.

साहेबांनी लिहिलं, "औषधाचा फायदा काही नाही." सही केली आणि जीपमध्ये बसले.

मॅडम उकंडरावाकडे वळल्या. "उकंडराव, पहिल्यात कापूस जास्त होता ना?"

"जास्त? तिसऱ्याच्या दुप्पट होता, मॅडम!" उकंडरावाची छाती फुगली. "तिसऱ्याचं तर गाठोडंच भरेना. पण तुमाले चालत नाही ना तसं! म्हून सगळ्याचा एकच ढीग केला अन् तिघांले सारखा वाटून देला. दोन दिवस लागले, पण एका बोंडाचाही फरक पडू देला नाही!"