दरोग्यांचा नारळ

हॉलंडचा वलंदेज हेंद्रिक तोफा ओतायचं काम मागायला राजांच्या गावी आला. त्याने ओतलेली छोटी तोफ राजांनी हातात धरून पाहिली मात्र, तोफखान्याचे दरोगा येसाजीराव भोइटे यांच्या पोटात दुखायला लागलं. इतक्या वर्षांत राजांनी त्यांच्या तोफेला कधी हात लावला नव्हता.

परक्याला चाकरी हवी तर गावातला जामीन लागे. कामात खोट निघाली की शिक्षा जामिनाला. येसाजीरावांनी घरोघर जाऊन दम भरला, या टोपीकराला कुणी जामीन राहायचं नाही.

मग भर दरबारात त्यांनी मिशीला पीळ देत विचारलं, "काय रे, तुझी खात्री देणारं आहे का कुणी या गावात?"

"आहेत की. तुम्हीच," हेंद्रिक म्हणाला. मग तो राजांकडे वळला. "महाराज, मला काम येत नसतं तर दरोगासाहेब घरी स्वस्थ बसले असते. माझी तोफ फुटायची वाट बघितली असती. पण ते उन्हातान्हात दारोदार हिंडले. अडाण्याला अडवायला एवढी पायपीट कोण करतं?"

राजांनी हसू दाबलं. "जामीन म्हणून येसाजीरावांचंच नाव घाला."

तेव्हापासून हेंद्रिकची नवी तोफ डागायची वेळ आली, की देवापुढे पहिला नारळ येसाजीरावांचा फुटे.